लिनक्स लॅपटॉपवरचा कर्सर गायब? लगेच फॉरमॅट मारू नका

ज्यांना भाग ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी हा लिखित भाग. फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, कारण गरज पडेल तेव्हा लॅपटॉप हाताशी असूनही चालवता येत नसेल!

आजचा प्रश्न कळंबच्या एका ताईंचा. स्पर्धा परीक्षेची तयारी चालू आहे, जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट आहे. लाईट गेली म्हणून झाकण लावलं, परत उघडलं तर माऊसचा बाण गायब. एका दुकानात सांगितलं, "फॉरमॅट मारावं लागेल." आत दोन वर्षांच्या नोट्स आहेत, कॉपी कुठंच नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. त्यानंतर जुन्या मशीनवर लिनक्स टाकणारे वाढलेत, म्हणून हा प्रश्न एकट्या ताईंचा नाही.

आधी निदान

धाराशिवच्या स्टँडवर एसटी उभी आहे, पण पाटी नाही. गाडी बंद पडली असं म्हणाल का? नाही ना. कर्सरचंही तसंच. एक तर बाण दिसत नाही पण टचपॅड चालू आहे, नाहीतर टचपॅडच बंद पडलंय. दोन्हींचा इलाज वेगळा.

ओळखायचं कसं? टचपॅडवर बोट फिरवा आणि स्क्रीनवरच्या मेनूकडं, आयकॉनकडं बघा. त्यांचा रंग बदलतोय, हायलाइट होतंय? मग फक्त पाटी गेलीय. काहीच हलत नाही? मग साधा यूएसबी माऊस लावा. त्यानं बाण फिरला तर दोष टचपॅडकडं आहे.

आणि हो, काहीही करण्याआधी कंट्रोल + एस दाबा. उघडी फाइल सेव्ह होईल. कीबोर्ड चालू आहे तोवर लॅपटॉप तुमच्याच ताब्यात आहे.

प्रकार १ : बाण दिसत नाही, क्लिक होतंय

असं का होतं? बाण बाकीच्या स्क्रीनसोबत काढला जात नाही. ग्राफिक्स चिप त्याचं छोटंसं चित्र, बऱ्याचदा ६४ बाय ६४ पिक्सेलचं, वेगळ्या थरावर ठेवते. बोट हललं की तेवढाच थर सरकतो, सगळी स्क्रीन परत काढावी लागत नाही. लॅपटॉप झोपेतून उठला की ड्रायव्हरनं हा थर परत चालू करायचा असतो. जुन्या चिपवर कधी कधी तेवढंच राहून जातं.

इलाज : कंट्रोल + ऑल्ट + एफ३ दाबा. काळी स्क्रीन आणि पांढरी अक्षरं दिसतील, घाबरू नका. आता परत या : मिंटवर कंट्रोल + ऑल्ट + एफ७, उबंटूवर बहुधा एफ२, नाहीतर एफ१. काही लॅपटॉपवर सोबत एफएन पण दाबावं लागतं. या ये-जा मध्ये डिस्प्ले नव्यानं सेट होतो आणि बरेचदा बाण परत येतो.

नाही आला? पूर्वी टीव्ही किंवा प्रोजेक्टर जोडला असेल तर बाण त्या नसलेल्या स्क्रीनवर गेलेला असू शकतो. सुपर + पी दाबून बघा. सुपर म्हणजे विंडोजचं चिन्ह असलेलं बटण.

प्रकार २ : टचपॅडच मेलंय

आधी वरच्या एफ बटणांवर टचपॅडचं चित्र शोधा. एफएनसोबत ते चुकून दाबलं गेलं तर टचपॅड बंद होतं. तेच परत दाबा.

तरी नाही? कंट्रोल + ऑल्ट + टी नं टर्मिनल उघडा. बऱ्याच जुन्या टचपॅडचा ड्रायव्हर 'पीएसमाऊस' असतो. तो काढून परत लावायचा. सगळी अक्षरं लहान :

पहिली ओळ : सुडो (एस-यू-डी-ओ), स्पेस, मोडप्रोब (एम-ओ-डी-पी-आर-ओ-बी-ई), स्पेस, मायनस आर, स्पेस, पीएसमाऊस (पी-एस-एम-ओ-यू-एस-ई). एंटर.

दुसरी ओळ : तीच, फक्त 'मायनस आर' नाही. एंटर.

पासवर्ड टाकताना स्क्रीनवर अक्षरं दिसत नाहीत. ते तसंच असतं, टाइप करत राहा. फरक पडला नाही तर तुमचं टचपॅड वेगळ्या ड्रायव्हरचं असेल. मग काम सेव्ह करून रीस्टार्ट करा.

काहीच जमलं नाही तर?

मित्राच्या कॉम्प्युटरवर पेनड्राइव्हमध्ये मिंट किंवा उबंटू तयार करून घ्या आणि त्यावरून लॅपटॉप चालू करा. इन्स्टॉल करायचं नाही, फक्त ट्राय करायचं. यूएसबी माऊस लावा, तुमचं होम फोल्डर उघडा आणि नोट्स दुसऱ्या पेनड्राइव्हवर घ्या. फॉरमॅटचा विषय त्यानंतर.

टचपॅड इथंही चाललं नाही, तर आतली केबल सैल असू शकते. टचपॅड वर उचललेलं वाटत असेल तर खाली बॅटरी फुगलेली असू शकते. तसं असेल तर चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, दाबून बघू नका, सरळ दुरुस्तीला न्या.

दुकानदार फॉरमॅट म्हणाला की एकच विचारा, "बाण गेलाय का टचपॅड?" उत्तर मिळाल्याशिवाय लॅपटॉप हातात देऊ नका. आणि नोट्सची एक कॉपी आज रात्रीच पेनड्राइव्हवर टाका. भेटू पुढच्या भागात!