उसवता येणारी चप्पल

सकाळी साडेसहा

कोटला मुबारकपूरच्या एका गल्लीत दुसऱ्या मजल्यावरची खोली. निम्म्या खोलीत माणसं झोपतात, निम्म्या खोलीत चपला. कोल्हापुरी चपला बांधून दिल्लीत विकायला आलेले मामा उठल्यावर चहाच्या आधी पोत्यांची तोंडं सोडतात आणि एकेक जोड काढून नाकाशी धरतात. सप्टेंबर संपत आलाय, पाऊस दिल्लीतून निघायच्या बेतात आहे, पण हवेतली ओल काही हटलेली नाही. अशा दिवसांत झाडाच्या सालीवर कमावलेल्या चामड्याला बुरशी धरते, आणि ती डोळ्याला दिसण्याआधी नाकाला कळते.

आज दोन जोडांवर पांढरट ठिपके निघाले. मामांसोबत आलेल्या मावशींनी कोरड्या फडक्यानं ते झाडले आणि जोड पंख्याखाली वर्तमानपत्रावर पसरले. गॅलरीत छान ऊन आलं होतं, म्हणून मी विचारलं, तिथं का नाही ठेवत?

"उनात टाकलं की पापड हुतोय त्याचा, ताई. मग वाकीवलं की तडकतंय."

जोड ठेवायला मांजरपाटाच्या पिशव्या आहेत. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते, त्यामुळे ती या खोलीत चालत नाही. दिल्लीतल्या किती घरांत कोल्हापुरी चप्पल दुकानातल्या त्याच चकचकीत पिशवीत गुंडाळून पावसाळाभर कपाटाच्या तळाशी पडलेली असेल, हा विचार माझ्या मनात आला. आमच्याही.

नऊ

आयएनए मेट्रो स्टेशनच्या बाजूला, फुटपाथवर, एक मोची बसतो. मामांची आणि त्याची भाषा वेगळी, पण हत्यारं एकच: रापी, आरी, हातोडा. मामा रोज तिथं पाच मिनिटं थांबतात. आज त्याच्यासमोर एक महागडा स्पोर्ट्स शू होता. वरून कोरा. उलटा केला तर तळाचा भुसा हातात येत होता.

हे काही घसटीनं झालेलं नव्हतं. असा भुसा होतो त्या बुटांचा मधला थर बहुधा पॉलियुरेथेनचा असतो. हवेतली ओल तो हळूहळू शोषतो, त्या ओलीनं त्याच्या रेणूंच्या साखळ्या तुटतात आणि बूट खोक्यात नुसता पडून राहिला तरी काही वर्षांत तळ विरघळल्यासारखा सुटतो. जपून ठेवलेला बूट वापरलेल्या बुटाच्या आधी मेला, असंही त्यामुळे होतं. मोच्यानं गिऱ्हाइकाला सांगितलं, "सोल्यूशन लगा दूँगा, पर दो महीने से ज़्यादा नहीं चलेगा."

यापुढचा प्रवास मला ठाऊक आहे. दिल्लीच्या पश्चिम टोकाला मुंडका आणि टिकरी कलांला प्लास्टिक भंगाराचे मोठे बाजार आहेत. एकाच जातीच्या प्लास्टिकची, म्हणजे निव्वळ पीव्हीसीची, चप्पल तिथं काही किमतीला खपते. पण कापड, फोम, रबर आणि गोंद यांचा एकजीव झालेला बूट कोण सोडवत बसणार? तो गाझीपूर किंवा भलस्व्याच्या कचऱ्याच्या डोंगरावर जातो. गंमत अशी की टिकरीच्या पलीकडे, हरियाणाच्या हद्दीत पाऊल टाकलं की बहादूरगड, बिनचामड्याच्या पादत्राणांचं देशातलं मोठं केंद्र. बनण्याची आणि संपण्याची जागा एवढी शेजारी, आणि मधला रस्ता मात्र कुणी बांधलेला नाही.

साडेदहा

दिल्ली हाटचं फाटक उघडतं. १९९४ साली सुरू झालेल्या या बाजाराची रीत अशी की कारागिरानं स्वतः यावं, पंधरा दिवस स्टॉल लावावा आणि जागा पुढच्याला द्यावी. गेल्या काही वर्षांत इथं व्यापाऱ्यांचीही गर्दी झाली आहे, हे कुणीही सांगेल. २०२५च्या ३० एप्रिलला रात्री इथं आग लागून ओळीनं स्टॉल जळाले. मामांच्या स्टॉलवर आता सगळ्यात आधी वायरी तपासल्या जातात, मग गोंड्यांचे जोड पुढे मांडले जातात.

बारा

दुपारपर्यंत गिऱ्हाईक तुरळक. मामा मांडीवर फळी घेऊन एका जुन्या जोडाचा तळ बदलायला बसतात. हा जोड वसंत कुंजच्या एका बाईंनी काल आणून दिलाय, त्यांच्या वडिलांचा.

वरचा तळ, खालचा तळ, टाच, दोन्ही बाजूंचे कान, कानातून जाणारा पट्टा, अंगठा. सगळं चामड्याच्याच वादीनं शिवलेलं, खिळा एकही नाही. मामा आरीच्या टोकानं वादी उचकटतात, एका कडेनं ओढत जातात आणि बघता बघता चप्पल सुटी होते. खालचा तळ झिजून कागदाइतका झालाय, वरचा शाबूत. शाबूत ते ठेवायचं, झिजलं तेवढं बदलायचं. पट्ट्यावरची वेणी मात्र मावशींचं काम. गावाकडं वेणी घालायचं काम बायकाच करतात, आणि किंमत ठरवताना ती मजुरी कुणी वेगळी मोजत नाही. मावशी हे हसत सांगतात, मला ते हसण्यावारी नेता आलं नाही.

चामडं म्हशीचं. चुन्यात भिजवून केस काढायचे, मग बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात मुरवायचं, पुढे कातड्याचीच पिशवी शिवून ती टांगायची आणि आत तेच सालीचं पाणी भरत राहायचं. याला आठवडेच्या आठवडे लागतात. क्रोमियमच्या क्षारांनी तेच काम एक-दोन दिवसांत उरकतं, म्हणून जगातलं बहुतेक चामडं क्रोमवर कमावलेलं असतं आणि कानपूरच्या जाजमऊसारख्या ठिकाणी नदी त्याची किंमत मोजते. सालीचं काम तेवढं विषारी नाही, पण निर्मळ आहे असंही समजू नये: पाणी खूप लागतं, वास असतो, चुन्यानं हात फुटतात. हे काम ढोर समाजानं केलं, चप्पल बांधायचं चर्मकारांनी, आणि ज्या गावानं त्या चपला मिरवल्या त्यानंच दोघांना वेशीबाहेर ठेवलं. आज त्याच कामाला 'निसर्गस्नेही' अशी चिठ्ठी लागते तेव्हा हे कुठं छापलेलं नसतं.

अडीच

डबा खाऊन होतो न होतो तोच गुरुग्रामहून आलेली एक मुलगी समोर. पायात पुनर्वापराच्या प्लास्टिकचे पांढरे स्नीकर्स.

"अंकल, ये तो चमड़ा है. इको-फ्रेंडली कैसे हुआ?"

प्रश्न बरोबर आहे. जनावराच्या कातड्याला ज्याचं मन घेत नाही, त्यानं ते घेऊ नये. तिथं बाभळीची साल हे उत्तर होत नाही. दुसरी वाटही आहे. आशय भावे या तरुणानं 'थैली' नावाचे बूट काढले, २०२१च्या सुमाराला त्यांचं नाव झालं. गुरुग्राममध्ये टाकाऊ पिशव्या धुऊन, एकावर एक रचून उष्णतेनं दाबून त्यांचं चामड्यासारखं कापड करतात. एका जोडाला सुमारे दहा पिशव्या आणि बारा बाटल्या लागतात. भंगारवालाही ज्या पिशव्यांना हात लावत नाही त्या इथं कामाला येतात, हे मला मोलाचं वाटतं. पण प्लास्टिक ते प्लास्टिकच. असा कुठलाही बूट फाटल्यावर बनवणाऱ्याकडे परत पोचला तरच पुढची गोष्ट.

मामांनी तिच्याकडं बूट मागितला. तिनं काढून दिला. त्यांनी कड चाचपली, तळ वाकवला, शिलाई शोधली.

"काम चांगलं हाय," मला म्हणाले, "पर ह्याला उसवायचं कुठनं?"

मी तिला हिंदीत सांगितलं. तिनं बूट परत पायात चढवला, फोटो काढला आणि आईसाठी सहा नंबरचा जोड घेतला. स्वतःसाठी नाही.

चार

सर आली. दोन मिनिटांत सगळा माल ताडपत्रीखाली. आडोशाला आलेल्या एका गृहस्थांच्या पायात भिजलेली कोल्हापुरी, ती मामांना दिसली आणि मग फुकटचा वर्गच भरला. भिजली तर आधी चिखल पुसा. आत कागदाचे बोळे घाला, सावलीत वाळू द्या. हिटर नको, ड्रायर नको. पुरती वाळल्यावरच तेलाचं बोट फिरवा, एरंडेल असो की खोबरेल, आणि तेसुद्धा थोडं. जास्त तेल पिऊन चामडं लुळं पडतं. एकच जोड रोज घालू नका, घामही ओलच असते. नवी चप्पल चावते तिथं पट्ट्याच्या आतून तेल लावून रात्रभर ठेवा. जानेवारीत खोलीत हिटर चालू असतो तेव्हा तिला कोपऱ्यात दूर ठेवा. पावसाळ्यात सरळ रबरी चप्पल घाला, लाज कसली?

हा शेवटचा सल्ला देणारा चप्पलविक्या मी दुसरा पाहिलेला नाही.

सहा

गर्दीची वेळ. आर. के. पुरमचे मराठी सरकारी नोकर, नोएडाची आयटीतली मंडळी. खरेदीला संध्याकाळच बरी, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो आणि माप खरं मिळतं. मामा चप्पल किंचित घट्टच घ्यायला लावतात, चामडं पायाच्या हिशेबानं सैल होतं.

"असली है?" हे तर प्रत्येक जण विचारतो. २०१९ साली महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून भौगोलिक मानांकन मिळालं. २०२५च्या जूनमध्ये प्राडा या फॅशन कंपनीनं मिलानमध्ये तसलीच चप्पल कारागिरांचं नाव न घेता मिरवली, तेव्हापासून मानांकनाची चौकशी वाढली. मामा कडेकडे बोट दाखवतात. कापलेल्या कडेचा रंग आतपर्यंत एकच तांबूस असेल तर सालीवरचं चामडं. आत निळसर-करडी रेघ दिसली तर क्रोम. वास घ्या, सोल्यूशनचा येतो की हिरड्याचा. वादीचे टाके तळातून आरपार गेलेत का बघा, काही ठिकाणी ते नुसते वरून दाखवायला असतात. जनपथवर तिप्पट स्वस्त मिळते, असं एक जण म्हणाला. मामांनी वाद घातला नाही. जोडाचा खालचा तळ बदलायला काय पडेल तेवढं सांगितलं. तो निघून गेला. दर चार गिऱ्हाइकांतला एक असाच जातो.

साडेनऊ

मावशी यूपीआयचे आणि रोखीचे पैसे वेगवेगळे मांडतात. मामा गावाकडं सुनेला फोन लावतात. आठ आणि नऊ नंबर संपत आलेत, दिल्लीला मोठे पाय फार. कोल्हापूरहून निजामुद्दीनला येणारी गाडी आठवड्यातून एकदाच सुटते. ती चुकली तर पार्सल पोचेपर्यंत स्टॉलची मुदत संपेल.

सून पलीकडून सांगते, जोड बांधून झालेत, पण तिकडं चार दिवस झड लागलीय, तळ अजून ओलसर लागतात.

मावशी म्हणतात, "पाठीव म्हणावं की. हितं पंख्याखाली वाळतील."

"पोत्यात दोन दीस कोंडल्यावर? न्हाई." मामा फोनवर सांगतात, "वाळल्याबिगर पाठवू नगंस. र्‍हाऊ दे."

मग पुठ्ठ्याचा तुकडा घेऊन ते मला हिंदीत मोठ्या अक्षरांत लिहून द्यायला सांगतात: आठ नंबर खत्म.