किल्ली हरवलेले कॅबिनेट

बेळगावहून चोर्ला घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरील जांबोटी आणि आसपासच्या खेड्यांत शाळा असो, पंचायत असो की दूध संस्था, कचेरी म्हटली की चार खणांचे पोलादी फायलिंग कॅबिनेट आलेच, आणि कधी ना कधी त्याची किल्ली हरवणेही आलेच. अशा वेळी कचेरीतील सर्वांचे लक्ष कॅबिनेट उघडावे कसे याकडे लागते, आणि पहिला संशय बहुधा शिपायावर जातो; वास्तविक उघडणे हा या प्रश्नाचा सोपा भाग आहे, आणि हरवलेली किल्ली ज्याच्या हाती लागली असेल त्याच्यापुरते ते कॅबिनेट बंद राहिलेलेच नाही, हा अवघड भाग आहे.

या भागात किल्ली हरवण्याचे गांभीर्य अधिक आहे. हा भाग ज्यात येतो तो खानापूर तालुका 1 नोव्हेंबर 1956 रोजी मुंबई राज्यातून तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला, त्यामुळे येथील जुने दप्तर मराठीत, क्वचित मोडीत, तर पुढचे कन्नडमध्ये आढळते. जमिनीचा उतारा कर्नाटकाच्या ‘भूमी’ योजनेमुळे संगणकावर मिळू लागला असला, तरी जुन्या शाळेचे जनरल रजिस्टर, म्हणजे विद्यार्थ्याचे नाव, जन्मतारीख, जात आणि शाळा सोडल्याचा दिनांक ज्यात नोंदलेला असतो ते जाड बांधणीचे पुस्तक, पुष्कळदा एकाच प्रतीत असते. ते चोरीला गेले तर निदान कळते तरी. पण एखाद्या जन्मतारखेतील आकडा खोडून पुस्तक पुन्हा जागेवर ठेवले गेले, तर तो फेरफार वर्षानुवर्षे कोणाच्याही लक्षात येत नाही.

अर्देशीर गोदरेज यांनी 1897 मध्ये मुंबईत कुलपांचा कारखाना काढला, पुढे तिजोऱ्या आणि पोलादी कपाटे केली, आणि ‘गोदरेजचे कपाट’ हा मजबुतीचा पर्याय शब्द होऊन बसला. तथापि तिजोरी आणि फायलिंग कॅबिनेट यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. कॅबिनेटचा पत्रा पातळ असतो आणि बहुतेक नमुन्यांत वरच्या कोपऱ्यातील एकच लॉक आतील उभ्या दांडीच्या साहाय्याने सगळे खण अडवून धरते. लॉकच्या सिलिंडरमध्ये, म्हणजे किल्लीबरोबर फिरणाऱ्या नळकांड्यात, स्प्रिंगवर बसवलेल्या पातळ पट्ट्या असतात. किल्लीच्या खाचांमुळे त्या नेमक्या एका पातळीत आल्या की नळकांडे फिरते. अनेक कॅबिनेटांत लॉक नुसते आत दाबले तरी लागते, म्हणून किल्ली खणात राहून कॅबिनेट बंद होण्याचे प्रकार घडतात. काही कॅबिनेटांत एक खण किंचित पुढे राहिला तर बाकीचे उघडत नाहीत, कारण एकाच वेळी सगळे खण ओढले गेल्यास कॅबिनेट पुढे कलंडेल, म्हणून तशी योजना केलेली असते. तेव्हा लॉकला दोष देण्यापूर्वी सर्व खण आत रेटून पाहावेत.

लॉकच्या तोंडावर बहुधा एक क्रमांक कोरलेला असतो. त्यावरून नवी किल्ली मागवता येते ही सोय खरी, परंतु क्रमांकांची मालिका मर्यादित असल्याने त्याच क्रमांकाची किल्ली दुसऱ्या एखाद्या कचेरीतही असू शकते, आणि येणाजाणाऱ्या कोणालाही तो क्रमांक वाचता येतो. म्हणून किल्ली नुसती हरवलेली नसून बाहेर कोणाच्या हाती लागल्याची शक्यता असेल, तर दुसरी किल्ली करून भागत नाही. सिलिंडरच बदलावा लागतो. छिन्नी-हातोड्याने खण उचकटण्याचा मोह टाळावा, कारण एकदा वाकलेला खण पुन्हा नीट बसत नाही. बेळगाव वा खानापूरहून आलेला जाणता कारागीर लॉकच्या तोंडाशी छिद्र पाडून आतील पट्ट्या मोडतो आणि जागेवर दुसरे लॉक बसवतो. कॅबिनेटला ओरखडाही पडत नाही.

कारागीर येईपर्यंतच्या दिवसांसाठी उत्तम उपाय म्हणजे लोखंडी पट्टी. सर्व खणांच्या मुठींतून वरून खाली एक उभी पट्टी ओवून, तिचे टोक कॅबिनेटला पक्क्या बसवलेल्या कडीत अडकवून बाहेरून कुलूप लावले की एकही खण ओढता येत नाही. हे काम गावच्या वेल्डिंगवाल्याकडूनही होते. लॉक फोडताना दोन जबाबदार माणसे समोर असावीत आणि खणांत काय सापडले याची यादी त्यांच्या सह्यांनिशी तेव्हाच करावी, नाहीतर पुढे एखादी फाईल न सापडल्यास किल्ली हरवल्याचे निमित्त सर्वांनाच सोयीचे ठरते.

मलप्रभा नदीचा उगम असलेले कणकुंबी जांबोटीपासून जवळच आहे, आणि या पट्ट्यातील पावसाळ्यात लोखंडाला गंज चढण्यास फार दिवस लागत नाहीत. घट्ट झालेल्या लॉकमध्ये किल्ली जोराने फिरवल्यामुळे ती मोडून अडकते. त्यावर खाण्याचे तेल सोडणे हा घरगुती इलाज अपायकारकच, कारण ते धुळीसह चिकट होते. ग्राफाइटची कोरडी भुकटी, म्हणजे पेन्सिलीच्या शिशातील काळा पदार्थ, यासाठी चांगली.

नव्या लॉकच्या दोन किल्ल्यांपैकी एक मोहोरबंद पाकिटात इमारतीबाहेर सुरक्षित जागी ठेवावी. ती त्याच कॅबिनेटच्या वरच्या खणात ठेवण्याची प्रथा मात्र सर्वत्र दिसते. मुख्याध्यापकाने वा सचिवाने चार्ज देताना किल्ल्यांची संख्या व क्रमांक चार्ज यादीत लिहावेत. आणि जुनी किल्ली महिन्याभराने कोणाच्या कोटाच्या खिशात सापडलीच, तर तशी नोंद करून ती कानशीने घासून निकामी करावी.