घरांतील जुन्या बंदुकीची जन्मपत्रिका

खंडेनवमीचे दिवशीं जुन्या घरांतून माळ्यावरची तलवार, कट्यार किंवा एखादी ठासणीची बंदूक खालीं उतरते, हळदकुंकवाची धनी होते आणि दसरा आटोपतांच पुन्हां माळ्यावर जाते. आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं अशी एक बंदूक आहे. घरांतील एका पूर्वजानें ती तात्या टोपे यांच्या सैन्यांतून आणली, ही त्या कुटुंबाची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. गेल्या वर्षीं ती आम्हांस दाखविण्यांत आली. घरांतले वडील काका म्हणाले, "आमच्या वाडवडिलांना उगीच खोटें पाडूं नका, पण आम्हांला बरें वाटावें म्हणून खोटें सांगूंही नका." मोठीच पंचाईत!

प्रथम बंदूक रिकामी आहे कीं नाहीं हें पाहिलें. ठासणीच्या बंदुकींत जुना बार शंभर-दीडशें वर्षेंही तसाच राहूं शकतो, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. तोंड व हात नळीच्या समोर न आणतां गज हळूच तळापर्यंत सोडावा आणि नळीच्या तोंडाशीं त्यावर खूण करावी. मग गज बाहेर काढून, खूण तोंडाशीं जुळवून, तो नळीवरच आडवा धरावा. त्याचें टोंक टोपी बसविण्याच्या जागेपर्यंत पोंचलें पाहिजे. तें चार बोटें अलीकडेच राहिलें, तर आंत कांहीं आहे असें समजून बंदूक तशीच खालीं ठेवावी व जाणत्यास बोलवावें.

दुसरी गोष्ट घरांतील भगिनींनीं रागावूं नये अशी आहे. समई-निरांजनास लागते तशी चिंच आणि राखुंडी बंदुकीस लावूं नये. तिची सारी ओळख लोखंडावरील बारीक शिक्क्यांत असते. एका दसऱ्याच्या घासण्यांत ती कायमची पुसली जाते. कोरडें मऊ फडकें व थेंबभर तेल पुरे.

स्नेह्यांच्या बंदुकीचे शिक्के सुदैवानें शाबूत होते. घोड्याजवळच्या पट्टीवर मुकुट, त्याखालीं 'व्ही. आर.' हीं राणी व्हिक्टोरियाचीं अक्षरें, पुढें 'टॉवर' आणि १८६० हा सन. टॉवर म्हणजे लंडनचा किल्ला. पण हा शिक्का असलेली बंदूक लंडनांतच घडली असें नव्हे, पुष्कळशा बर्मिंगहॅमच्या कारागिरांनीं केल्या. कंपनी सरकारच्या मालावर १८०८ पासून सिंहाचा शिक्का असे. तो येथें नव्हता. तात्यांना तर १८ एप्रिल १८५९ रोजीं शिवपुरीस फांशी झाली. पट्टीवरचा सन पाहतांच आमच्या मनांत चर्र झालें. पण काकांस लगेच सांगण्याचा धीर झाला नाहीं.

मग नळींत विजेरीचा उजेड टाकला. खरी गोष्ट तेथेंच होती. १८५३ च्या नमुन्याच्या एन्फील्ड रायफलीच्या नळींत तीन पेचदार खाचा असतात आणि तिचें तोंड ०·५७७ इंच, म्हणजे सुमारें १४·७ मिलिमीटर असतें. ज्या चरबीच्या काडतुसांवरून १८५७ चा भडका उडाला, तीं या रायफलीचीं. स्नेह्यांची बंदूक बाहेरून हुबेहूब तशीच. आंतून मात्र अगदीं गुळगुळीत, आणि तोंड १६·७ मिलिमीटर! बंडानंतर सरकारचा देशी शिपायांवरील विश्वास उडाला. गोऱ्यांइतकें लांब पल्ल्याचें हत्यार त्यांच्या हातीं पडूं नये, म्हणून १८५८ सालीं एन्फील्डच्याच नळ्या रुंद करून खाचा काढून टाकल्या. मागची वरखालीं होणारी निशाणीची शिडीही गेली. नळीचा पत्रा त्यामुळें इतका पातळ झाला कीं ती सहज चेपूं लागली, म्हणून १८५९ चा जाड नळीचा नमुना निघाला. हीच ती.

काकांनीं सर्व ऐकून घेतलें, थोडा वेळ स्वस्थ बसले आणि म्हणाले, "म्हणजे ही तात्यांची नव्हे, तात्यांच्या धास्तीनें घडलेली!"

शिक्क्यांवरही आंधळा विश्वास नको. खैबरकडील कारागिरांच्या नकलांवर व्हिक्टोरियाचीं अक्षरें आणि ती १९०१ सालीं वारल्यानंतरचे सन एकत्र सांपडतात. कधीं रोमन अक्षरें उलटींही असतात. नेपाळच्या सैन्याच्या जुन्या बंदुकांवर मात्र आपलीच देवनागरी कोरलेली असते. त्या हजारोंनीं काठमांडूच्या कोठारांतून निघून २००३ सालीं अमेरिकेंतील व्यापाऱ्यांकडे गेल्या. तेथील संग्राहकांस जें कोडें, तें आपलीं पोरें सहज वाचतील!

कायद्याचेंही सांगितलें पाहिजे. बंदूक जुनी म्हणून परवाना नको, ही समजूत चुकीची आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या ४५ व्या कलमांतील सवलत दुरुस्त करूनही उडूं शकणार नाहीं अशाच जुन्या हत्याराला आहे. आमच्या स्नेह्यांकडे परवाना आहे, म्हणूनच आम्ही इतकें मोकळेपणीं लिहीत आहों.

निघतांना काकांस विचारलें, हिच्याबरोबरचें आणखी कांहीं घरांत आहे काय? संगीन, टोप्यांची चामडी पिशवी, साखळीला अडकविलेलें पितळी झांकण? त्यांनीं मान हलविली. तेवढ्यांत काकू शिवणाच्या यंत्राचा डबा घेऊन आल्या. त्यांत तीन फाट्यांचें एक लोखंडी हत्यार होतें. एका फाट्यास टोपीची बोंडी फिरविण्याची चावी, दुसऱ्यास पेचकस. या बंदुकीच्या शिपायाजवळ असे तेंच! सासूबाईंच्या वेळेपासून यंत्राचे स्क्रू त्यानेंच पिळले जात होते. काकूंनीं तें फडक्यांत गुंडाळून बंदुकीशेजारीं ठेवलें आणि काकांस बाजारांतून नवा पेचकस आणावयास सांगितलें.