चालणाऱ्याचे गणित

रस्ता ओलांडणे ही काय शिकण्यासारखी गोष्ट आहे, असे मलाही अगदी परवापरवापर्यंत वाटत असे. गेल्या पावसाळ्यात एके सकाळी मी कॉलेजच्या थांब्यावर बसमधून उतरले आणि पहिल्या तासाची घंटा चुकू नये म्हणून उभ्या बसच्या पुढूनच पलीकडे निघाले. इतक्यात बसच्या आडून एक मोटारसायकल आली. तिचे ब्रेक करकचून लागले, चाक घसरले आणि माझ्या वह्या चिखलात पडल्या. एवढ्यावरच निभावले. भोवती चार माणसे जमली व रिवाजाप्रमाणे त्या मुलाला बोल लावू लागली. मी मात्र गप्प उभी होते. चूक माझी होती, हे सांगण्याचे धैर्य मला त्या दिवशी झाले नाही. म्हणून आज लिहिते आहे.

ब्रेक दाबला की गाडी थांबते, असा आपला एक गोड गैरसमज असतो. समोरचा माणूस दिसून चालकाने ब्रेक दाबेपर्यंतच साधारण एक सेकंद जातो. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी तेवढ्यात सुमारे १४ मीटर पुढे आलेली असते. त्यानंतर कोरड्या रस्त्यावरही थांबायला तिला जवळजवळ तितकेच अंतर लागते. म्हणजे एकूण २८ मीटर; क्रिकेटच्या खेळपट्टीहूनही जास्त! वेग दुप्पट झाला, की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौपट होते. रस्ता ओला असेल तर ते आणखी वाढते.

आता आपली बाजू पाहू. सात मीटर रुंदीचा रस्ता ओलांडायला आपल्याला सुमारे सहा सेकंद लागतात. तेवढ्या वेळात तीच गाडी ८० मीटरहून अधिक अंतर तोडते. 'गाडी अजून लांब आहे' असे आपण म्हणतो, तेव्हा ती बहुधा लांब नसतेच. आणि उभ्या बसच्या पुढून निघालेला माणूस तर मागून येणाऱ्याला दिसतच नाही.

यावरचे उपाय साधे आहेत. बस निघून जाऊ द्यावी, मगच ओलांडावे. आधी उजवीकडे, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे पाहून सरळ जावे. तिरपे जाऊ नये, कारण तिरपी वाट लांबते. पदपथ नसेल तेथे रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे चालावे. 'डावीकडून चला' हा नियम वाहनांसाठी आहे. रात्री फिकट कपडे घालावेत, हाती विजेरी ठेवावी. आणि रस्ता ओलांडताना मोबाईल खिशात असावा.

सन २०२२ मध्ये भारतात रस्ते-अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली; त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते. हा सारा दोष चालणाऱ्यांचा, असे मी मुळीच म्हणत नाही. पदपथ मोकळे हवेत, आणि झेब्रा पट्ट्यांवर पादचाऱ्याला आधी जाऊ देणे हे चालकाचे कर्तव्यच आहे. पण हक्क कितीही खरा असला, तरी चाकाला तो वाचता येत नाही.

हल्ली मी बस निघून जाईपर्यंत थांबते. अर्धा मिनिट लागतो. उशीर झालाच, तर सर फार तर रागावतील.