पुढच्या रविवारी येणार का, बॉस?

आमच्या ऑफिसचा समुद्रकिनारा सफाईचा रविवार एकदम हिट झाला होता. दोनशे जण, निळे टी-शर्ट, चार एसी बसेस, वडापाव आणि कटिंग. सकाळी साडेसात ते साडेनऊ वर्सोव्याच्या वाळूत प्लास्टिक वेचलं, मग ग्रुप फोटो, मग ड्रोनवाल्यासाठी कंपनीच्या लोगोच्या आकारात उभे राहिलो. सोमवारी लिंक्डइनवर लाइक्सचा पाऊस! मी एचआरमध्ये, त्यामुळे सगळी जुळवाजुळव माझी. सरांनी 'वेल डन'चा मेल टाकला. मी जाम खूश.

एकच गोष्ट डोक्यातून जात नव्हती. हातमोजे काढत बसले होते, तेव्हा शेजारी मासळी वाळत घालणारी एक मावशी म्हणाली, "काय गो बाय, पुढच्या ऐतवारी येशील काय?" टोमणा नव्हता तो. खरंच विचारत होती. पुढची भरती आली की कचरा परत येणार, हे तिला माहीत होतं. मी हसून वेळ मारून नेली.

या वर्षी सरांनी फर्मान काढलं, "समुद्रच ठेवू, पण काहीतरी हटके शोध." आधी मागच्या वर्षीचं बिल काढून बसले. साडेचार लाख! त्यात टी-शर्ट, बस आणि ड्रोन मिळून निम्म्याहून जास्त. समुद्राच्या वाट्याला काय आलं, तर दोन तास.

कॉलेजची एक मैत्रीण सागरी जीवशास्त्रात काम करते, तिला फोन लावला. ती म्हणाली, "समुद्री गवत घे."

"म्हणजे शेवाळ?"

"शेवाळ नाही गं! गवत. मुळं असलेलं, फुलं येणारं. पाण्याखाली फुलतं आणि परागकणही पाण्यातूनच वाहून जातात."

मग तिनं अर्धा तास शाळा घेतली. उथळ, स्वच्छ पाण्यात या गवताची कुरणंच्या कुरणं असतात. माशांची पिल्लं तिथे लपून मोठी होतात, मुळं तळाची वाळू धरून ठेवतात आणि गाळात कार्बन साठत राहतो. डुगाँग म्हणजे समुद्रगाय, ती जगतेच या गवतावर, दिवसाला तीसेक किलो फस्त करते. भारतात मोठी कुरणं आहेत ती तमिळनाडूच्या पाल्कच्या उपसागरात, मन्नारच्या आखातात, लक्षद्वीप आणि अंदमानला.

"मग आपण जुहूला लावू या की! ऑफिसहून रिक्षानं जाता येईल."

फोनवर मोठ्ठा पॉज. मग ती म्हणाली, "गवत लावण्याआधी विचारायचं, ते तिथे का नाहीये. त्याला ऊन लागतं. तुमच्या शहराचं सांडपाणी आणि गढूळ पाणी तसंच ठेवून गवत रोवलंस तर महिन्याभरात मरेल. फोटो मात्र छान येईल." (ही बाई कॉलेजातही अशीच बोलायची.)

मग मी हात धुऊन मागेच लागले. बाकीच्यांनी हे कसं केलं? वेल्समध्ये डेल नावाच्या एका छोट्या खाडीत स्वान्सी विद्यापीठ आणि डब्ल्यूडब्ल्यूएफ यांनी गवत लावलं, आणि साथ होती स्काय या टीव्ही कंपनीची. २०१९च्या उन्हाळ्यात ब्रिटनच्या किनाऱ्यांवरून दहा लाखांच्या आसपास बिया गोळा केल्या, तागाच्या छोट्या पिशव्यांत वाळूबरोबर भरल्या, पिशव्या दोरीला बांधल्या आणि दोऱ्या तळाशी अंथरल्या. एवढ्या सगळ्या खटाटोपातून क्षेत्र किती? दोन हेक्टर. म्हणजे जेमतेम पाच एकर! मला आधी वाटलं, टायपिंगची चूक आहे.

अमेरिकेतल्या व्हर्जिनियाची गोष्ट तर मी दोनदा वाचली. तिथल्या किनाऱ्यालगतच्या खाड्यांमधलं गवत १९३०च्या दशकात रोग आणि चक्रीवादळानं साफ गेलं होतं. १९९९च्या सुमारास शास्त्रज्ञांनी बिया पेरायला घेतल्या. वीसेक वर्षांत सात कोटींहून जास्त बिया, दोनशेच्या वर हेक्टरवर पेरणी. पुढे गवत आपलं आपण पसरत गेलं आणि साडेतीन हजार हेक्टरांच्या पुढे पोचलं. पण सुरुवातीची कित्येक वर्षं तिथे दाखवण्यासारखं फार नव्हतं. दरवर्षी पाण्यात उतरायचं, मोजायचं, वहीत लिहायचं आणि परत पेरायचं. कोणत्या कंपनीच्या वार्षिक अहवालात हे शोभून दिसेल, सांगा!

पण आपल्याकडेही चिकाटीचं उदाहरण आहे, आणि ते शेजारच्या गुजरातमधलं. तिथल्या किनाऱ्यावर व्हेल शार्क हा जगातला सर्वांत मोठा मासा तेलासाठी आणि मांसासाठी मारला जायचा. २००१मध्ये कायद्यानं त्याला संरक्षण मिळालं, पण कायदा काही बोटीवर बसून राहत नाही. २००४मध्ये वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया, वनखातं आणि टाटा केमिकल्स यांनी मोहीम काढली. मोरारी बापूंनी कोळ्यांना सांगितलं, हा मासा म्हणजे बाळंतपणाला माहेरी आलेली लेक. गुजरातीत त्याचं नाव पडलं 'व्हाली', म्हणजे लाडकी. पण नुसत्या भावनेवर भागत नाही. व्हालीला सोडायचं तर जाळं कापावं लागतं आणि जाळं म्हणजे कोळ्याचं भांडवल. म्हणून कापलेल्या जाळ्याची भरपाई ठरली. कोळ्यांच्या हाती कॅमेरे दिले, मासा सोडल्याचा फोटो दाखवा आणि पैसे घ्या. हे काम वर्षानुवर्षं चाललं आणि आजवर शेकडो व्हाली सुटल्या. आपल्या राज्यानंही डिसेंबर २०१८मध्ये अशीच योजना आणली, संरक्षित प्राणी सोडण्यासाठी जाळं कापलं तर पंचवीस हजारांपर्यंत भरपाई.

मला इथे दिवा पेटला. आमची कंपनी किनाऱ्यावर गेली तेव्हा पैसा बसवाल्याकडे गेला, ड्रोनवाल्याकडे गेला. मावशीच्या घरी एक रुपयाही नाही.

पाल्कच्या उपसागरात नेमकं उलट करता येतं. तळ खरवडत जाणाऱ्या ट्रॉलरच्या जाळ्यांनी तिथल्या गवताचं नुकसान केलंय. ओम्कार फाउंडेशन ही तिथली संस्था बांबूच्या चौकटीला काथ्याची दोरी ताणते, त्यावर गवताचे कोंब बांधते आणि चौकट तळाशी ठेवते. काथ्या आणि बांबू यथावकाश कुजतात, गवत राहतं. सप्टेंबर २०२२मध्ये तमिळनाडू सरकारनं तिथला ४४८ चौरस किलोमीटरचा समुद्र डुगाँगसाठी राखीव केला, देशातला पहिलाच. म्हणजे जागा योग्य, माणसं जाणकार. लागतो तो बोटीचं डिझेल, डायव्हरचा पगार आणि दर हंगामाची मोजणी यांचा खर्च. हे भरायला कंपन्या सहसा तयार नसतात, कारण मोजणीवर लोगो लावता येत नाही.

आता कायद्याचं बघा, कारण आमच्या फायनान्सला दुसरी भाषा कळत नाही. २०१३च्या कंपनी कायद्यातलं कलम १३५ म्हणतं, वर्षाला पाच कोटींच्या वर निव्वळ नफा असेल तर (किंवा उलाढाल, नेटवर्थ ठरावीक मर्यादेपुढे असेल तर) गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सीएसआरवर खर्च करा. पर्यावरण त्या यादीत आहे. मॅरेथॉनसारखे एकदाच होणारे कार्यक्रम त्यात धरू नयेत, असं सरकारनं २०१४च्या परिपत्रकात लिहिलं होतं. आणि २०२१पासून नियमांत 'चालू प्रकल्प' अशी सोय आहे: सुरुवातीचं वर्ष आणि पुढची तीन. चार वर्षं! गवताला ती कमीच, पण एका रविवारपेक्षा बरीच.

प्रपोजलमध्ये मी आणखी एक कलम घुसडलं. कंपनीची वार्षिक ऑफसाइट ज्या रिसॉर्टवर होते, त्यांना आधी विचारायचं, तुमचं सांडपाणी कुठे जातं? बोटी नांगर कुठे टाकतात, की कायमचे बोये आहेत? नांगर ओढत गेला की गवत मुळासकट उपटतं. पन्नास खोल्यांचं बुकिंग देणाऱ्या गिऱ्हाइकाचं रिसॉर्टवाले ऐकतात. याला तर सीएसआरचा पैसाही लागत नाही. सहकाऱ्यांनी नाकं मुरडली, "आता पार्टीतही गटार?" मुरडू देत.

फॉर्ममध्ये 'कालावधी' असा रकाना होता. मागच्या वर्षी मी तिथे 'एक दिवस' लिहिलं होतं. या वेळी 'चार वर्षं' लिहिलं, 'टी-शर्ट' समोर शून्य टाकलं आणि शुक्रवारी संध्याकाळी मेल पाठवून दिला. सरांचं एका ओळीचं उत्तर आलं, "एका वर्षाचं मंजूर, पुढचं बघू." मी परत लिहिलं, एकाच वर्षाचं असेल तर करूच नका, पैसे वाया जातील. एचआरवाल्यांनी असं लिहायचं नसतं, माहितीये. पण लिहिलं.

सोमवारी फायनान्सकडून शंका आली, "फोटो कधीपर्यंत मिळतील?"

मैत्रिणीला विचारून कळवते, म्हटलं. ती अजून हसतेय.