ब्लेंडचा फंडा: मधले रंग सांभाळा!

शुक्रवारची संध्याकाळ. तुम्ही बॅग खांद्याला लावलीय आणि नेमकी एचआरवाली समोर उभी. ‘तुला ते डिझाइनिंग वगैरे येतं ना? दिवाळी पार्टीचं पोस्टर सोमवारी हवंय!’ झालं. मग नेटवरची तीच ती पणती शोधा, डाउनलोड करा, चिकटवा. त्यापेक्षा स्वतःची काढा ना बॉस! ब्लेंड टूल कशासाठी आहे?

अडोबीचं इलस्ट्रेटर १९८७ मध्ये आलं, कॅनडातल्या कोरेल कंपनीचं कोरलड्रॉ १९८९ मध्ये. लग्नपत्रिका छापणाऱ्यांचा जीव मात्र कोरलवरच! फोटो ठिपक्यांचा असतो. इथे चित्र म्हणजे रेषा, वळणं आणि त्यांचं गणित. म्हणून पहिला आणि शेवटचा आकार दिलात की मधले सगळे आकार आणि रंग सॉफ्टवेअर काढून देतं.

ज्योतीसाठी एक मोठा लालसर केशरी थेंब काढा, त्याच्या पोटात छोटा फिकट पिवळा. दोघांचीही आउटलाइन काढून टाका, नाहीतर ज्योतीऐवजी कांद्याच्या चकत्या दिसतील. कोरलमध्ये ब्लेंड टूलनं एकावरून दुसऱ्यावर ड्रॅग करा, इलस्ट्रेटरमध्ये दोन्ही सिलेक्ट करून कंट्रोल-ऑल्ट-बी. ज्योत पेटली! इंकस्केप फुकट आहे, तिथे हेच काम ‘इंटरपोलेट’ करतं. फक्त स्टाइलची टिक हवी, नाहीतर नुसता आकार बदलतो, रंग नाही.

आता खरी गंमत. शाळेत पिवळा आणि निळा मिसळला की हिरवा व्हायचा. स्क्रीनवर करून बघा, मधोमध चक्क राखाडी! कारण इथे रंग कालवले जात नाहीत, आकड्यांची सरासरी निघते. पिवळा म्हणजे लाल २५५, हिरवा २५५, निळा ०. निळा म्हणजे ०, ०, २५५. मध्य काढा: तिन्ही साधारण १२८. म्हणजे राखाडीच की! उपाय सोपा आहे. मध्ये हिरव्या रंगाचा तिसरा आकार ठेवा आणि ब्लेंड दोन टप्प्यांत करा.

आकारांचेही नखरे असतात. वर्तुळाची चांदणी करताना मधले आकार पिळल्यासारखे दिसले, तर समजा की दोघांचे सुरुवातीचे बिंदू जुळत नाहीयेत. इलस्ट्रेटरमध्ये ब्लेंड टूलनं दोन्हीकडच्या समोरासमोरच्या बिंदूंवर क्लिक करा, कोरलमध्ये ‘मॅप नोड्स’ वापरा.

खिशाला चाट बसते ती छपाईत. पार्श्वभूमी एकाच रंगाच्या दहा टक्क्यांवरून तीस टक्क्यांवर नेलीत, तर २५६ छटांपैकी जेमतेम ५१ वाट्याला येतात. व्हिजिटिंग कार्डावर प्रत्येक पट्टी दोन मिलिमीटरहून बारीक, काही कळत नाही. पण दहा फुटी फ्लेक्सवर तीच पट्टी सहा सेंटिमीटरची! गेटवर पोस्टर नाही, सतरंजी टांगल्यासारखी वाटते. स्टेप्स वाढवून उपयोग नाही, कारण मधले रंगच संपलेत. एकतर दोन टोकांच्या रंगांत अंतर वाढवा किंवा ब्लेंडची लांबी कमी करा. आणि छापणाऱ्या दादांना आधीच सांगा, ‘पूर्ण साइझमधला एक तुकडा काढून दाखवा.’ कुरकुर करतील, पण देतात काढून.