घरातील बिनतारी जाळे आणि त्याचे कुलूप

सुरतेत घराला घर लागून आहे. उधना-लिंबायतची दाट वस्ती घ्या की अडाजणमधील सदनिका. शेजारी फोडणी कसली पडली हे घरबसल्या कळते. राऊटर नावाची जी पेटी हल्ली घरोघरी आली आहे, तिच्या बिनतारी लहरीही अशाच भिंतीपलीकडे जातात. आपण पैसे मोजून घेतलेले इंटरनेट जिन्यावर किंवा पलीकडच्या खोलीत कोणालाही मिळू शकते. म्हणून जोडणीबरोबरच कुलपाचा विचार करणे अगत्याचे आहे.

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्यापूर्वी काही मिनिटे वृत्तवाहिन्यांकडे धमकीचा ई-मेल आला होता. तो नवी मुंबईत सानपाडा येथे राहणाऱ्या एका परदेशी गृहस्थाच्या बिनतारी जोडणीवरून गेल्याचे आढळले. जोडणी उघडी होती. चौकशीचा ससेमिरा मात्र तिच्या मालकामागे लागला. पुढच्याच काही दिवसांत सुरतेतही ठिकठिकाणी न फुटलेले बॉम्ब सापडले, हे येथील जुन्या रहिवाशांना सांगावयास नको.

आता कृती पाहू. पेटी शक्यतो घराच्या मध्यावर, थोड्या उंचीवर ठेवावी. लोखंडी कपाटामागे किंवा पाण्याच्या पिंपाआड ठेवल्यास लहरी अडतात. पेटीच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर बहुधा जाळ्याचे नाव, मूळचा परवलीचा शब्द आणि १९२.१६८.१.१ असा एखादा पत्ता छापलेला असतो. संगणकाच्या पडद्याच्या कोपऱ्यातील पंख्यासारख्या खुणेवर टिचकी मारली की आसपासच्या जाळ्यांची नावे दिसतात. (ही यादी वाचणे हा एक करमणुकीचा प्रकार आहे.) त्यांतून आपले नाव निवडून परवलीचा शब्द टंकित केला की संगणक जोडला जातो. एकाच पेटीची दोन नावे दिसली, तर २.४ गिगाहर्ट्झचे जाळे दूरवर पोचते आणि ५ गिगाहर्ट्झचे जवळच्या जवळ पण वेगाने चालते, एवढे ध्यानात ठेवावे.

बहुतेक मंडळी येथेच थांबतात. खरे काम पुढचे आहे. ब्राऊझरमध्ये तो छापील पत्ता लिहून पेटीचे पान उघडावे आणि त्या पानात शिरण्याचाच परवलीचा शब्द प्रथम बदलावा. तो तसाच ठेवून जाळ्याचे कुलूप बदलणे म्हणजे दार लावून किल्ली उंबरठ्यावर ठेवणे होय. मग सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए-३, आणि तो नसल्यास डब्ल्यूपीए-२, निवडावा. डब्ल्यूईपी हा जुना प्रकार फोडता येतो, असे संशोधकांनी २००१ सालीच दाखवून दिले आहे. त्याच्या वाटेस जाऊ नये. जाळ्याच्या परवलीला निदान ८ अक्षरे लागतात. मुलाचे नाव आणि जन्मसाल जोडून केलेली परवली अर्धी गल्ली ओळखते. त्यापेक्षा परस्परांशी संबंध नसलेले चार शब्द एकापुढे एक लिहावेत. परवली बदलली की घरातील प्रत्येक साधन नव्याने जोडावे लागते. तेवढी घरच्यांची कुरकुर सोसावी.

पुष्कळशा पेट्यांत पाहुण्यांसाठी निराळे जाळे उघडण्याची सोय असते. ते उघडून त्याची परवली वेगळी ठेवावी. म्हणजे पाहुणे परतल्यावर तेवढीच बदलता येते आणि घरातील संगणकांना हात लावावा लागत नाही.